पाण्याचा चित्रकार : अबालाल रहिमान

(कोल्हापूरचे चित्रकार अबालाल रहिमान यांची ओळख या पाठात करून दिली आहे. त्यांनी तळी, नदी, पाण्यातील प्रतिबिंबे आणि बदलणारा उजेड यांची चित्रे काढली. प्रसिद्धीपेक्षा कामावर प्रेम करणाऱ्या या कलावंताच्या आयुष्यात एक मोठा प्रश्नही दडलेला आहे. पाठ वाचताना त्या प्रश्नाचा विचार करा.)

मुलांनो, तुम्ही नाशिकला राहत असाल तर एखाद्या दिवशी पहाटे गोदावरीच्या काठी जा. घरातील मोठ्या माणसाला बरोबर घेऊन गंगापूर धरणाच्या काठी गेलात तर आणखी चांगले. मालेगावचे असाल तर मोसम नदीचा काठ जवळच आहे. काठावर शांत बसा आणि पाण्याकडे पाहा.

पाण्याचा रंग कोणता, असे कोणी विचारले तर आपण पटकन निळा असे सांगतो. चित्रकलेच्या तासाला तळे काढायचे असले की आपला हात निळ्या रंगाकडेच जातो. पण पहाटेचे पाणी निळे नसते. आधी ते राखेसारखे करडे दिसते. पूर्वेला उजाडू लागले की त्यावर गुलाबी छटा येते. सूर्य वर आला की मधोमध केशरी पट्टा पडतो. काठावरच्या झाडाखाली तेच पाणी गर्द हिरवे असते. एखादी होडी जाऊ लागली की तिची काळी सावली पाण्यात लांबते, तुटते आणि पुन्हा जुळते. अर्ध्या तासात तुम्ही एकाच जागी बसून दहा वेगवेगळी पाणी पाहिलेली असतात.

मग चित्रकाराने यांतले कोणते पाणी कागदावर उतरवायचे? आणि तो रंग कालवीपर्यंत पाणी बदलले तर काय करायचे? या प्रश्नामागे एका माणसाने आपले सारे आयुष्य घालवले. त्यांचे नाव अबालाल रहिमान. ते आपल्या महाराष्ट्रातले, कोल्हापूरचे. त्यांची गोष्ट आज आपण वाचणार आहोत. पण त्याआधी थोडा वेळ आपल्याला फार दूर, फ्रान्स देशात जायचे आहे.

फ्रान्समध्ये ल हाव्र नावाचे एक बंदर आहे. क्लोद मोने नावाचा चित्रकार या गावात लहानाचा मोठा झाला. १८७२ साली त्याने या बंदराचे एक चित्र काढले. सकाळची वेळ, सगळीकडे धुके, पाण्यावर दोन-तीन लहान होड्या, मागे जहाजांच्या डोलकाठ्या आणि गिरण्यांचा धूर, आणि या सगळ्यात एक लहानसा केशरी सूर्य. चित्रात बारकावे मुळीच नाहीत. होडी म्हणजे काळसर रंगाचे दोन-चार फटकारे. होडीतला माणूस म्हणजे एक उभी रेघ. पाण्यात पडलेला सूर्यप्रकाश म्हणजे केशरी रंगाचे काही तुटक ठिपके.

१८७४ साली पॅरिस शहरात हे चित्र प्रदर्शनात लागले, तेव्हा एका टीकाकाराने त्याची खूप थट्टा केली. हे चित्र अर्धवट आहे, भिंतीला चिकटवायचा कागदसुद्धा याहून पूर्ण असतो, अशा अर्थाचे त्याने लिहिले. मोनेने चित्राच्या नावात 'इम्प्रेशन' हा शब्द वापरला होता. इम्प्रेशन म्हणजे डोळ्यांना क्षणभर जे दिसते, त्याचा मनावर उमटलेला ठसा. टीकाकाराने हाच शब्द पकडून या चित्रकारांना नाव ठेवले. पण गंमत अशी, की थट्टेचे ते नावच पुढे मानाचे ठरले. या पद्धतीला मराठीत दृक्प्रत्ययवाद म्हणतात. दृक् म्हणजे नजर आणि प्रत्यय म्हणजे अनुभव.

या चित्राची आणखी एक गंमत पाहा. त्याची काळी-पांढरी छायाप्रत काढली तर तो केशरी सूर्य जवळजवळ दिसेनासा होतो. कारण सूर्याचा उजेड आणि आजूबाजूच्या आकाशाचा उजेड मोनेने जवळजवळ सारखाच ठेवला आहे. फरक आहे तो फक्त रंगाचा. राखाडी धुक्यात केशरी ठिपका म्हणून तो आपल्याला चमकताना दिसतो.

ज्या वर्षी हे प्रदर्शन भरले, त्याच वर्षी, म्हणजे १८७४ च्या जून महिन्यात, इकडे कागलच्या घाटगे घराण्यात एका मुलाचा जन्म झाला. हा मुलगा पुढे कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि राजर्षी शाहू महाराज म्हणून प्रसिद्ध झाला. आपल्या गोष्टीत त्यांचे मोठे स्थान आहे. पण त्यांच्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

अबालाल यांचा जन्म १८६० च्या सुमारास कोल्हापूर येथे झाला. त्यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती. तुम्ही उर्दू शाळेत शिकता, म्हणून तुम्हांला हे काम किती अवघड आहे ते चटकन समजेल. बोरूचे टोक तिरके कापायचे, शाईत बुडवायचे आणि श्वास रोखून अक्षर काढायचे. अक्षराची उंची आणि लांबी कलमाच्या ठिपक्यांनी मोजायची. एखादा नुक्ता चुकला तरी अर्थ बदलतो. मग पवित्र ग्रंथ लिहिताना किती काळजी घ्यावी लागत असेल! संगणक येण्यापूर्वी उर्दू पुस्तके आणि वर्तमानपत्रेही कातिबांच्या हाताने लिहिली जात आणि मग छापली जात. तुमच्या आजोबांना विचारा, ते तुम्हांला सांगतील.

अशा घरात वाढलेल्या मुलाला रेषेचे मोल वेगळे शिकवावे लागत नाही. अबालालचा हात लहानपणीच चित्रांकडे वळला. कोल्हापुरातील एका इंग्रज अधिकाऱ्याच्या कुटुंबाने त्याची चित्रे पाहिली, त्यांना ती फार आवडली आणि त्यांच्या प्रोत्साहनाने तो चित्रकला शिकायला मुंबईला गेला, असे सांगतात.

मुंबईत १८५७ साली स्थापन झालेले सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट हे चित्रकलेचे मोठे विद्यालय होते. सर जमशेटजी जीजीभाई या दानशूर पारशी गृहस्थांच्या देणगीतून ते उभे राहिले. अबालाल तेथे शिकत होते त्या दशकात नाशिक जिल्ह्यातील आणखी एक मुलगा तेथे दाखल झाला. तो त्र्यंबकेश्वरचा होता. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. हेच पुढे भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके झाले. १८८५ साली ते या शाळेत आले, तेव्हा त्यांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते.

शाळेतील शिक्षण इंग्रजी पद्धतीचे होते. पुतळ्याचा साचा समोर ठेवायचा आणि त्याच्यावर पडलेला छायाप्रकाश कागदावर हुबेहूब उतरवायचा. काळा रंग किती आणि पांढरा किती, हे डोळ्याने मोजायचे. एकेका चित्राला अनेक दिवस लागत. शाळेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स यांनी तर विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रती करून घेतल्या. हे काम १८७२ पासून पुढे बरीच वर्षे चालले. दुर्दैव असे, की त्या प्रती लंडनला पाठवल्यावर १८८५ साली लागलेल्या आगीत त्यांतल्या पुष्कळ जळून गेल्या. चित्र काढायला वर्षे लागतात आणि ते नाहीसे व्हायला एक रात्र पुरते, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिची आठवण होणार आहे.

अबालाल यांनी या शाळेत मोठे यश मिळवले. १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले. त्या काळी हा फार मोठा सन्मान होता. त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी ही संस्था सुरू झाली आणि चित्रकारांना आपली चित्रे लोकांपुढे मांडायला हक्काची जागा मिळाली. राजा रविवर्मा यांना संस्थानिकांकडून चित्रांची मोठमोठी कामे मिळत होती. म्हणजे चित्रकाराला नाव आणि पैसा मिळण्याचे ते दिवस होते. कोल्हापूरचेच महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली जे. जे. मध्ये शिकायला आले. पुढे ते तेथेच शिक्षक झाले आणि शाळेच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचले. देशभर त्यांचे नाव झाले.

सुवर्णपदक मिळवलेल्या अबालाल यांनाही मुंबईत राहता आले असते. पण ते कोल्हापूरला परतले.

कोल्हापूर हे पाण्याचे गाव आहे. गावाला लागून पंचगंगा वाहते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी तिच्यात येते. पाचवी सरस्वती गुप्त आहे असे मानतात, म्हणून नाव पंचगंगा. नदीवर दगडी पायऱ्यांचा सुंदर घाट आहे. गावाच्या एका बाजूला रंकाळा हा विस्तीर्ण तलाव आहे. त्या तलावात संध्यामठ नावाची दगडी वास्तू आहे. पावसाळ्यात पाणी चढले की ती पाण्यात जाते आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की पुन्हा दिसू लागते. दुसऱ्या बाजूला कोटितीर्थ नावाचे लहान तळे आहे. त्याच्या काठी महादेवाचे मंदिर आणि झाडी आहे.

अबालाल या कोटितीर्थाच्या परिसरात राहू लागले. त्यांची राहणी अगदी साधी होती. चांगले कपडे, मानमरातब, पैसा यांची त्यांना ओढ नव्हती. त्यांची वृत्तीच फकिरी होती. कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ, पंचगंगा हे त्यांचे आवडते विषय झाले. एकच तळे ते पुन्हा पुन्हा काढत राहिले. सकाळचे, दुपारचे, तिन्हीसांजेचे, पावसाळ्यातले, उन्हाळ्यातले. लोकांना ते एकच तळे वाटे. अबालाल यांना ते रोज नवे दिसे.

ते पॅरिसला कधी गेले नव्हते. पण मोने पाण्याकडे ज्या नजरेने पाहत होता, तीच नजर अबालाल यांच्या चित्रांत दिसते, असे चित्रकलेचे जाणकार सांगतात. शाळेत शिकलेले हुबेहूब चित्रण त्यांनी मागे ठेवले आणि क्षणाचा उजेड पकडायला सुरुवात केली. लहान लहान ठिपके आणि फटकारे जवळजवळ ठेवून ते हवा, धुके आणि पाणी उभे करीत. जवळून पाहिले तर नुसते रंगाचे डाग दिसतात. चार पावले मागे सरकले की तेच डाग पाणी होतात.

दोघांच्या साधनांत मात्र फरक होता. मोने तैलरंग वापरी. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंग ठेवण्यासाठी धातूची नळी शोधून काढली होती. तुम्ही दात घासायला वापरता तशीच ती नळी. तिच्यामुळे तैलरंग खिशात घालून नदीकाठी जाता येऊ लागले. मोनेने तर एका होडीवर खोपटे बांधले आणि होडीत बसूनच तो नदी रंगवू लागला. अबालाल यांची पुष्कळ निसर्गचित्रे मात्र जलरंगांत आहेत.

जलरंग म्हणजे काय, ते थोडे समजून घेऊ. रंगाची बारीक पूड डिंकात कालवतात आणि वापरताना त्यात पाणी घालतात. हा रंग पारदर्शक असतो. तुम्ही कागदावर पातळ पिवळा रंग लावला, की खालचा पांढरा कागद त्यातून चमकतो. म्हणून जलरंगात कागदच उजेडाचे काम करतो. जिथे सर्वांत जास्त उजेड हवा, तिथे रंग लावायचाच नाही. कागद कोरा सोडायचा. आधी फिके रंग, मग गडद रंग, असा क्रम असतो. गडद रंग एकदा लागला की त्यावर पुन्हा उजेड आणता येत नाही. कागद ओला असताना रंग लावला तर तो आपोआप पसरतो आणि धुके तयार होते. कागद वाळल्यावर लावला तर त्याची कड स्पष्ट राहते. म्हणून कुठे थांबायचे हे ज्याला कळते, त्यालाच जलरंग साधतो.

पाण्यातील प्रतिबिंबाचेही काही नियम आहेत. ते तुम्ही स्वतः नदीवर पडताळून पाहू शकता. पांढरी भिंत पाण्यात थोडी काळवंडलेली दिसते. काळे खोड पाण्यात थोडे फिकट दिसते. पाणी स्थिर असेल तर प्रतिबिंब आरशासारखे असते. वाऱ्याने लाटा उठल्या की ते उभ्या दिशेने लांबते आणि त्याचे आडवे तुकडे पडतात. जवळच्या पाण्यात तळ दिसतो आणि लांबच्या पाण्यात आकाश दिसते. काठावर बसून हे सारे ज्याने पुन्हा पुन्हा पाहिले असेल, त्याच्या कुंचल्यातून पाणी खरे उतरणार, यात नवल नाही.

आता शाहू महाराजांकडे वळू. १८९४ साली त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्यांनी मागासलेल्या लोकांसाठी नोकऱ्यांत जागा राखून ठेवल्या, प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठीही त्यांनी १९०६ साली संस्था स्थापन करून वसतिगृहाची सोय केली. महाराजांना गुणांची पारख होती. कुस्तीगीर, गवई, नट, चित्रकार या सर्वांना त्यांनी आश्रय दिला. थोर गायक अल्लादियाखाँ हे त्यांचेच दरबारी गवई होते.

अशा राजाच्या नजरेतून अबालाल सुटणे शक्य नव्हते. महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. अबालाल यांनी दरबारासाठी व्यक्तिचित्रे आणि शिकारीचे प्रसंग रंगवले. जे. जे. मध्ये मिळवलेले कौशल्य या कामात उपयोगी पडले. पण दरबारात मान मिळाला म्हणून त्यांनी आपली राहणी बदलली नाही. दरबारचे काम संपले की त्यांची पावले पुन्हा तळ्याकडे वळत. राजाने कलावंताला पोटाची चिंता राहू दिली नाही आणि कलावंताने राजाच्या नावावर ऐट मिरवली नाही. असे नाते फार थोड्यांच्या वाट्याला येते.

६ मे १९२२ रोजी मुंबईत शाहू महाराजांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे सत्तेचाळीस वर्षांचे होते. सारे कोल्हापूर दुःखात बुडाले. अल्लादियाखाँसाहेब पुढे कोल्हापूर सोडून मुंबईला गेले. अबालाल कोल्हापुरातच राहिले. त्यांच्या दुःखाविषयी कोल्हापुरात एक आख्यायिका सांगतात. महाराज गेल्यावर अबालाल यांना आपल्या चित्रांचे काही वाटेनासे झाले. त्यांनी आपल्या चित्रांचे गठ्ठे उचलले, कोटितीर्थाच्या काठी आणले आणि पाण्यात सोडून दिले.

मुलांनो, क्षणभर थांबा आणि हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. जलरंगातला डिंक पाण्यात विरघळतो. असे चित्र पाण्यात पडले की कागद भिजतो, रंग सुटू लागतो आणि हळूहळू पसरून नाहीसा होतो. ज्या तळ्याकडे पाहून त्यांनी रंग कालवले होते, त्याच तळ्यात ते रंग परत गेले.

अबालाल यांनी आयुष्यात सुमारे वीस हजार चित्रे काढली, असे सांगतात. आज त्यांतली फारच थोडी उरली आहेत. सगळा दोष त्या तळ्याला देऊन चालणार नाही. कागद हा नाजूक पदार्थ आहे. दमट हवेत त्याला बुरशी येते. वाळवी आणि कसर त्याला खातात. जलरंग उन्हात ठेवले तर उडून जातात. म्हणूनच संग्रहालयात अशी चित्रे मंद उजेडात ठेवतात. शिवाय ज्या वस्तूची किंमत घरातल्यांना ठाऊक नसते, ती रद्दीत जायला वेळ लागत नाही.

आता तो प्रश्न. आपणच काढलेली चित्रे नष्ट करण्याचा हक्क चित्रकाराला आहे का? तुमच्यापैकी काही जण म्हणतील, चित्रे त्यांची होती, त्यांना वाटेल ते त्यांनी करावे. काही जण म्हणतील, एकदा काढलेले चित्र सगळ्यांचे असते, ते आपल्यासाठी ठेवायला हवे होते. दोन्ही बाजूंना अर्थ आहे. तिकडे मोनेनेही असेच केले होते. आपल्या बागेतील कमळांच्या तळ्याची चित्रे तो अनेक वर्षे काढत होता. १९०८ साली ती मनासारखी उतरली नाहीत, म्हणून त्याने निदान पंधरा मोठी चित्रे स्वतःच्या हाताने नष्ट केली. एकाने आपली चित्रे अपुरी वाटली म्हणून फाडली, तर दुसऱ्याने ती पाहणारा जिवलग माणूस उरला नाही म्हणून सोडून दिली, असे म्हणतात. दोघांच्या हाती पाण्याचीच चित्रे होती.

दोघांच्या पुढच्या कहाणीत मात्र फार अंतर आहे. मोनेचे १९२६ साली निधन झाले. त्याची मोठी कमळचित्रे ठेवण्यासाठी पॅरिसमध्ये दोन लंबगोल दालने तयार केली गेली. ल हाव्रच्या होड्यांचे ते चित्र १९८५ साली पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयातून चोरीला गेले, तेव्हा जगभर खळबळ उडाली. पाच वर्षांनी, १९९० साली, ते सापडले आणि पुन्हा भिंतीवर लागले. अबालाल यांची हजारो चित्रे नाहीशी झाली, पण तेव्हा कोठे गडबड झाली नाही.

२८ डिसेंबर १९३१ रोजी कोल्हापुरात अबालाल रहिमान यांचे निधन झाले. पण त्यांचे काम वाया गेले नाही. कोल्हापुरातील तरुण चित्रकारांनी त्यांची चित्रे पाहिली होती. निसर्गाकडे कसे पाहायचे, हे त्यांनी त्या चित्रांतून शिकून घेतले होते. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर या भावांवर अबालाल यांच्या कामाचा मोठा प्रभाव होता. बाबूराव पेंटर यांनी पुढे देशी कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट काढला. म्हणजे नाशिकच्या फाळक्यांप्रमाणेच कोल्हापूरचे बाबूरावही कुंचल्याकडून कॅमेऱ्याकडे गेले. कोल्हापूरला कलापूर म्हणतात. त्या नावामागे जी माणसे उभी आहेत, त्यांत अबालाल यांचे स्थान फार वरचे आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात त्यांची काही चित्रे जपून ठेवली आहेत. तुम्ही कधी कोल्हापूरला गेलात तर ती अवश्य पाहा. नंतर रंकाळ्यावर जा आणि संध्यामठ पाहा. आधी चित्र आणि मग पाणी असे पाहिले, की चित्रकाराने काय घेतले आणि काय सोडले, ते तुम्हांला समजेल.

आपल्या देशात गुणी माणसांची उणीव नाही. उणीव आहे ती जपण्याची. तुमच्या घरात आजोबांच्या हातची एखादी वही असेल, कातिबाने लिहिलेले जुने पुस्तक असेल, आजीने विणलेला रुमाल असेल. ते उन्हापासून, ओलीपासून, वाळवीपासून सांभाळा. त्यावर कोणाचे आणि केव्हाचे आहे, ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. एवढे केले तरी पुष्कळ वाचते.

आणि एका सकाळी रंगपेटी घेऊन गोदावरीच्या काठी जाऊन बसा. निळ्या रंगाची घाई करू नका. आधी नीट पाहा. समोरून होडी जात असेल तर तिची सावली कोठे तुटते ते पाहा. तुम्ही रंग कालवीपर्यंत पाणी बदललेले असेल. निराश होऊ नका. कोल्हापूरच्या त्या तळ्याकाठी अबालाल यांचेही रोज असेच होत असे, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेथे जाऊन बसत.

शब्दार्थ

हस्तलिखित – हाताने लिहिलेले
बोरू – लिहिण्यासाठी वापरायचे कलम
कुंचला – रंग देण्याचा ब्रश
डोलकाठी – जहाजावरील शीड बांधण्याचा उंच खांब
प्रतिबिंब – पाण्यात किंवा आरशात दिसणारे रूप
छटा – रंगाची झाक
पारख – गुण ओळखण्याची शक्ती
मानमरातब – मान, प्रतिष्ठा
आख्यायिका – लोक परंपरेने सांगत आलेली गोष्ट
कसर – कागद व कापड खाणारा बारीक किडा
ऐट मिरवणे – मोठेपणा दाखवत फिरणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अबालाल यांच्या घराण्यात कोणती परंपरा होती?
(आ) अबालाल यांना कोणते पदक केव्हा मिळाले?
(इ) पंचगंगेत कोणकोणत्या नद्यांचे पाणी येते?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जलरंगात कागद कोरा का सोडतात?
(आ) मोनेच्या चित्राची काळी-पांढरी प्रत काढल्यास काय होते? का?
(इ) अबालाल यांची फार थोडी चित्रे आज का उरली आहेत?

३. तुमचे मत लिहा.
आपली चित्रे नष्ट करण्याचा हक्क चित्रकाराला आहे, असे तुम्हांला वाटते का? कारणे द्या.

४. कागद, कलम, शाई, रंग, दरबार हे शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही आहेत. असे आणखी दहा शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

५. उपक्रम : जवळच्या नदीचे किंवा तळ्याचे सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी निरीक्षण करा. प्रत्येक वेळी पाण्यात दिसलेले रंग वहीत लिहा.